नणंदेची पाचर

४ फेब्रुवारी

गोटे,

पत्र बघून दचकू नकोस, मी ठीक आहे. तू दवाखान्याच्या त्या तळघरात बसतेस, तिथे फोन लागत नाही. संध्याकाळी घरून करावा तर तुझा दादा रंधा बाजूला ठेवून कान टवकारतो, आणि मी 'बरं आहे' म्हटलं की लगेच विचारतो, 'बरं म्हणजे कसं बरं?' त्यापेक्षा कागद बरा.

शिवाय हातांना काम नाही. खुर्च्यांचं वेत विणणं डॉक्टरांनी बंद करायला लावलंय, ऑपरेशनच्या बाजूचा हात ताणला जातो म्हणे. इतकी वर्षं जे हात थांबले नाहीत त्यांना आता मांडीवर ठेवून बसा! मी नाही बसू शकत. दारापर्यंत जाते, परत येते. चहा टाकते आणि विसरते, काल पातेलं करपलं. दादाने करपलेलं घासून ठेवलं. त्याने ओरडायला हवं होतं, मला बरं वाटलं असतं.

किरणांचं रोजचं सुरू झालंय. तो गाऊन पुढून बांधायचा की मागून, हे मला अजून उमजलेलं नाही. टेबलावर आडवं व्हायचं, हात डोक्यावर. मग दोघी मुली येतात आणि मला पोत्यासारखं इकडून तिकडे सरकवतात. मी मदत करायला गेले की ओरडतात, 'तुम्ही हलू नका, आम्ही हलवतो.' मग जाडजूड दार बंद होतं आणि आत मी आणि ते यंत्र.

आता मुद्दा. काल त्यातली उंच मुलगी विचारते, 'यांना व्हेज आहे ना?' दुसरी म्हणते, 'हो, दोन्ही बाजूंनी व्हेज.' मी आडवी होते तशीच म्हणाले, 'अहो, मी सगळं खाते.' दोघी ज्या हसत सुटल्या! आणि कशाला हसल्या ते मेल्या सांगेनात. उंच मुलीने यंत्राच्या तोंडात धातूचा एक जड तुकडा सरकवला, खट्टकन बसला, आणि त्या बाहेर पळाल्या.

तू याच धंद्यातली. ते काय होतं ते सांग. मला न विचारता माझ्यासमोर काही सरकवलं की मला झोप लागत नाही.

तुझी वहिनी

७ फेब्रुवारी

वहिनी,

तुझं पत्र कामावर उघडायला नको होतं. मी इतकी हसले की पलीकडच्या टेबलावरच्याने पाणी आणून दिलं. 'मी सगळं खाते'! आमच्याकडे आता हा वाक्प्रचार झालाय.

बाई माझे, ते व्हेज नव्हे, वेज. मराठीत सरळ पाचर. दादाकडे असते तशीच, एका टोकाला जाड, दुसऱ्या टोकाला पातळ, फक्त लाकडाऐवजी धातूची.

ती कशासाठी? तुला किरण दोन बाजूंनी तिरके देतात. एकदा छातीच्या मधल्या हाडाकडून, एकदा काखेकडून. आता तुझा स्तन काही वीट नाही सगळीकडे सारख्या जाडीची. छातीपाशी जाड, टोकाला निमुळता. सगळीकडे सारखेच किरण सोडले तर निमुळत्या भागाला जास्त लागतात आणि तिथली कातडी भाजते. म्हणून वाटेत पाचर ठेवायची. तिची जाड बाजू तुझ्या निमुळत्या बाजूला. तिथले किरण थोडे अडतात आणि आत सगळीकडे डोस सारखा पडतो. झालं. माझा सगळा धंदा एवढाच, किती किरण कुठे पडले ते मोजत बसायचं.

आता तू एक सांग. यंत्र मधल्या हाडाच्या बाजूने येतं, म्हणजे त्याचं तोंड तुझ्या चांगल्या बाजूच्या वर असतं, तेव्हाही तो खट्ट आवाज होतो का? की फक्त काखेकडून येतं तेव्हा? नीट आठवून सांग. आणि तिथले फिजिसिस्ट, म्हणजे माझंच काम करणारे, कोण आहेत, विचारून ठेव.

करपलेल्या पातेल्याबद्दल दादाच्या वतीने मी ओरडते. लक्ष कुठे असतं गं तुझं!

गोटी

११ फेब्रुवारी

गोटे,

पाचर! आधीच नाही का सांगायचं. मी दादाला सांगितलं तर गडी खूश. म्हणाला, 'मग काळजीच नको.' आणि मला दुकानात नेऊन प्रात्यक्षिक. एक जुनी खुर्ची आणली, पाय डुलणारा. सांध्यात पाचर ठोकली, खुर्ची घट्ट. वर स्वतः बसून दाखवलं. 'बघ, पाचर आहे तोवर सांधा हलत नाही. तुलाही तसंच धरून ठेवलंय.' तुझ्या शास्त्रात हे बसत नसेल, पण मला पटलं. आता खट्ट झालं की वाटतं, चला, ठोकली, धरून ठेवेल. त्या बंद दाराच्या आत तेवढाच काय तो आधार.

तू विचारलंस ते लक्ष देऊन ऐकलं. खट्ट दोन्ही वेळा होतो. मधल्या हाडाकडून येतं तेव्हासुद्धा. फिजिसिस्ट म्हणजे जाड भिंगाचा चष्मा लावणारा, बोलताना 'म्हणजे बघा' म्हणणारा एक गृहस्थ आहे. नाव विचारलं नाही, पण तो तुझ्याच कॉलेजचा निघाला.

कातडी लाल झालीय, भर उन्हात उभं राहिल्यासारखी. दुखत नाही फारसं. खाजतं, आणि खाजवायचं नाही. माझ्यासारखीला ही खरी शिक्षा.

पण गोटे, तू हे कशाला विचारलंस? तुझं ते 'नीट आठवून सांग' मला आवडलं नाही. सासूबाईंच्या दुसऱ्या दुखण्याच्या वेळी त्यांचे डॉक्टर अगदी असेच विचारायचे, हसून हसून. मी त्यांच्या उशाशी असायचे, तू परीक्षेला. मला तो आवाज कळतो. काही असेल तर सांग. मला अर्धवट काही सोसत नाही.

वहिनी

१३ फेब्रुवारी

वहिनी,

काही नाही गं, सहज विचारलं. धंद्याची खोड. सुतार कुणाच्या घरी गेला तरी टेबलाखाली वाकून बघतो की नाही? दादाला विचार.

इथे तळघराला रंग देतायत, वासाने डोकं उठलंय. कॉरिडॉरमध्ये पिवळा लावलाय, म्हणे पेशंटना प्रसन्न वाटतं. मला कावीळ झाल्यासारखं वाटतं.

तू पाणी भरपूर पी. खाजेला त्यांनी दिलेलंच मलम लाव, शेजारणीने सांगितलेलं काहीही लावू नकोस. दादाची खुर्ची छान आहे.

घाईत आहे.

गोटी

१९ फेब्रुवारी

नणंदबाई,

आज मी तुम्हाला गोटी म्हणणार नाही.

सोमवारी मी नेहमीसारखी गेले. गाऊन घालून बाकावर बसले. उंच मुलगी आली, 'आज नाही होणार.' का? 'प्लॅन बदलतोय.' कुणी बदलला? 'सर सांगतील.' मी बसून राहिले, गाऊन घालून, चपला हातात. दार अर्धवट उघडं होतं. आत ती फोनवर कुणाला तरी सांगत होती आणि हसत होती, 'अगं, त्यांच्या नणंदेने पाचर मारलीय, आता सगळं परत मांडायला लागणार.'

नणंदेने पाचर मारली. हे शब्द मी आयुष्यात अनेकींच्या तोंडून ऐकले. कुणाच्या सोयरिकीत, कुणाच्या घराच्या व्यवहारात. तेव्हा मी म्हणायची, आमची नणंद तसली नाही हो. आणि ही कुठे मारली, तर माझ्या उपचारात!

मी त्या चष्मेवाल्यालाच गाठलं. तो म्हणाला, 'म्हणजे बघा, ती माझी वर्गमैत्रीण, तिचा फोन होता, तुम्हाला बोलली असेल ना?' मी काय सांगू? 'हो' म्हटलं. तोंड कुठे लपवू असं झालं. मग तो म्हणाला, मधल्या हाडाकडची पाचर आम्ही काढतोय. घरी येऊन दादाला सांगितलं तर तो खाली बसला. म्हणाला, 'पाचर काढली की खुर्ची डुलते.' तेवढंच म्हणाला आणि दुकानात निघून गेला.

तुला एक विचारते. शरीर कुणाचं? कापलं कुणाचं, भाजतंय कुणाचं? तू 'सहज' म्हणालीस. पिवळ्या रंगाच्या गोष्टी सांगितल्यास. आणि परस्पर फोन करून माझी घट्ट बसलेली पाचर काढून घेतलीस. उंटावरून शेळ्या हाकायच्या तर दुसऱ्या कुणाच्या हाक, मी शेळी नाही.

दवाखान्यातून निरोप आलाय की तयारी झाली, या. मी जाणार नाहीये. अर्धे किरण झालेत, तेवढे पुरेत. रोज जीव मुठीत धरून त्या टेबलावर झोपायचं आणि माझ्याबद्दल काय ठरलंय हे सगळ्या जगाला ठाऊक, फक्त मला नाही. बास झालं.

फोन करू नकोस. उचलणार नाही.

तुझी वहिनी, म्हणजे अजून तरी

२० फेब्रुवारी

वहिनी,

तुझं कुरिअर आज सकाळीच मिळालं. लगेच फोन केला, तू उचलला नाहीस. दादाला केला, तो म्हणाला, 'ती माझ्याशीही बोलत नाही, खुर्च्या पुसत बसलीय.' म्हणून हेही कुरिअरनेच पाठवतेय, उद्या सकाळी मिळेल. फाडून टाकायचं तर टाक, पण वाचून झाल्यावर.

आधी हे वाच. डोस कणभरही कमी केलेला नाही. पाचर तुला धरून ठेवत नव्हती. दादाची खुर्ची आणि तुझं दुखणं यांचा काही संबंध नाही. तेव्हाच सांगायला हवं होतं, पण तू इतकी निवांत झालीस की मला बोलवेना.

पाचरेने निमुळत्या भागाचे किरण अडतात हे मी लिहिलं होतं. अर्धंच लिहिलं. नळाच्या धारेखाली चमचा धरून बघ. धार वळते, पण चारी बाजूंना शिंतोडे उडतात. धातूची पाचर किरणांच्या वाटेत आली की तसेच शिंतोडे उडतात. यंत्र मधल्या हाडाकडून येतं तेव्हा त्याचं तोंड तुझ्या चांगल्या स्तनाच्या वर असतं. शिंतोडे तिकडे पडतात. फार थोडे. वयस्क बाईला मी त्याबद्दल बोलणारही नाही. पण तू चाळिशीच्या आतली, पुढे पुष्कळ आयुष्य आहे, आणि कोवळ्या वयात त्या थोड्यालाही किंमत असते. त्यांच्या यंत्राला आत झडपा आहेत, त्या हळूहळू सरकवून धातूशिवाय तोच उतार साधता येतो. ते पाचर वापरत होते कारण तशी सवय. चूक नव्हे, सवय. मी वर्गमित्राला म्हटलं, हिच्यासाठी करशील का? त्याने तुझ्या डॉक्टरांना विचारलं, त्या हो म्हणाल्या, नवीन हिशोब मांडला, म्हणून तुझा खाडा झाला.

आता तुला हवंय ते उत्तर. तुला का विचारलं नाही.

आईची पहिली वेळ डाव्या बाजूची. त्या काळी दोन्हीकडून पाचर, दुसरं काही नव्हतंच. बरी झाली. किती वर्षं बरी होती! मग उजव्या बाजूला निघालं आणि त्यात गेली. तू उशाशी होतीस, मी परीक्षेला. पुढे हेच शिकले, आणि ज्या दिवशी वर्गात शिंतोड्यांचा धडा झाला त्या दिवशी मला पुढचं काही ऐकू आलं नाही. पाचरेमुळेच झालं असं मी म्हणत नाही. म्हणताच येत नाही. तो धोका इतका लहान की एका बाईबद्दल कुणीच सांगू शकत नाही. कदाचित आपसूक झालं असेल, कदाचित रक्तातच असेल. पण तू लिहिलंस 'खट्ट दोन्ही वेळा होतो' आणि मी तशीच तळघरातून वर येऊन वर्गमित्राला फोन लावला.

तुला विचारायचं म्हणजे हे सगळं सांगायला लागलं असतं. रोज त्या टेबलावर झोपताना तुला आईचं उजवं अंग आठवलं असतं. मला वाटलं, गुपचूप काढून टाकू, हिला कळणारही नाही. मूर्खपणा केला. शरीर तुझं आहे. तुला न विचारता मी हात घालायला नको होता. माझं चुकलं, वहिनी.

माझ्यावर राग धर. वर्षभर धर, जन्मभर धर. पण जा. मध्येच सोडलेला उपचार हा शिंतोड्यांच्या हजारपट वाईट, हे मी तुला धंद्याची शपथ घेऊन सांगते. मी आई घालवलीय. तू मला हवी आहेस. यापुढे तुझ्या बाबतीत एक गोष्ट लपवणार नाही, पण उद्याच्या उद्या जा.

गोटी

२३ फेब्रुवारी

गोटे,

गेले होते. काल आणि आज, दोन्ही दिवस. खट्ट एकदाच झालं, काखेकडून. मधल्या हाडाकडून आलं तेव्हा आत नुसती घुर्रघुर्र, झडपा सरकत असणार. उंच मुलीला विचारून खात्री केली. तिने माफी मागितली, 'मी गमतीने म्हटलं हो.' मी म्हटलं, गमतीने म्हणालीस तेच बरं, नाहीतर मला कळलंच नसतं.

तुझं पत्र मी दादाला मोठ्याने वाचून दाखवलं. आईंच्या भागाला आले तेव्हा त्याने मान खाली घातली. नंतर म्हणाला, 'कार्टी एवढं एकटी घेऊन बसली होती?' आणि रडला. मी त्याला आईंच्या वेळेनंतर रडताना पाहिलेलं नव्हतं. मग डोळे पुसून म्हणाला, ती खुर्चीची पाचर चांगलीच आहे, तिला नावं ठेवू नका. बोल आता!

तू विचारायला हवं होतंस, हे मी परत सांगणार आहे, भेटशील तेव्हा तोंडावर सांगणार आहे. पण तुला काय भोगायला लागलं असेल तेही मला कळतं.

आता ऐक. पत्र वाचल्यावर माझ्या डोक्यात एकच ओळ फिरतेय. तू लिहिलंस, 'कदाचित रक्तातच असेल.' पुढे गेलीस आणि माझ्याबद्दल लिहीत सुटलीस. अगं, रक्त कुणाचं? मी दुसऱ्या घरातून आलेली. आईंनी मला पोटच्या पोरीसारखं वागवलं, पण त्यांचं रक्त माझ्यात नाही. ते तुझ्यात आहे. त्यांच्या दोन्ही बाजूंना झालं, आणि त्यांची मुलगी एकच, तू.

तू कधी तपासून घेतलंस?

मला उत्तर माहीत आहे. मागे विचारलं तेव्हा 'बघू', त्याआधी 'कामाचा ताण'. तपासणीचं यंत्र तुझ्या तळघराच्या वरच्याच मजल्यावर आहे. सगळ्या जगाच्या बायकांचा डोस मोजतेस आणि स्वतःचा वरचा मजला चढत नाहीस. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

पहिल्यांदा मी लिहिलं होतं की तू तपासलंस तरच मी टेबलावर जाईन. तो कागद फाडला. तुझ्या माझ्यावरच्या मायेला असं वेठीला धरणं बरं नव्हे. म्हणून आधी जाऊन आले आणि मग लिहायला बसले. तुझ्या दवाखान्यात परस्पर फोन करून तुझी वेळ घेणंही मला जमलं असतं, नंबर आहे माझ्याकडे. पण मी विचारून करते.

तर विचारते. तपासून घेशील का? रक्ताची पण ती काय असते ती तपासणी, ती घेशील का?

वहिनी

२८ फेब्रुवारी

वहिनी,

उत्तर द्यायला उशीर केला. पत्र खणात ठेवलं, बाहेर काढलं, परत ठेवलं. कामात दोन चुका केल्या, दुसऱ्याने पकडल्या. म्हणून आज सुट्टी टाकून लिहितेय.

मी कधीच तपासलं नाही. एकदासुद्धा नाही. अंघोळीच्या वेळीसुद्धा घाईघाईने साबण लावते आणि हात काढून घेते. माझ्याकडे येणाऱ्या बायकांना सांगते, लवकर कळलं की बरं होतं, भिऊ नका, आणि सांगताना माझा आवाज एकदाही हलत नाही. त्यांना वाटतं ही किती धीराची. मी धीराची नाही. मला सगळे आकडे पाठ आहेत आणि म्हणून जिना चढवत नाही. तुला ठाऊक नव्हतं म्हणून तू दचकलीस, मला ठाऊक आहे म्हणून मी लपून बसले. तुझ्या चांगल्या बाजूसाठी शहराबाहेर फोन केले आणि माझ्या दोन्ही बाजूंचं काय, हे कुणी विचारेपर्यंत गप्प.

तू विचारलंस. वरच्या मजल्यावर गेले, वेळ मागितली. खिडकीवरच्या बाईने विचारलं, 'पेशंटचं नाव?' क्षणभर माझ्या तोंडात तुझंच नाव आलं.

तुझे किरण संपतील त्यानंतरचा सोमवार मिळालाय. आधी यंत्रावर स्तनांचं चित्र काढतील, मग रक्त घेतील. रक्ताचं कळायला आठवडे लागतील, चित्राचं तिथल्या तिथे. तू ये. दादाला सांग, तोही आला तरी चालेल, पण आत तू ये. तुझा हात अजून ताणायचा नाही, म्हणून बॅग दादाकडे दे.

आणि चित्र हातात आलं की मला देऊ नकोस. मला ते वाचता येतं, मी एका नजरेत वाचीन, आणि मला ते पेलवणार नाही. तुला त्यातलं काही कळणार नाही, तरी आधी तूच घे, डॉक्टर बोलेपर्यंत तूच धरून बस. वहिनी, मला फार भीती वाटतेय. आईची मुलगी मी एकटी आहे. मला एकटीला आत पाठवू नकोस.

तुझी गोटी